कोम, भाचा, मुतबन्ना : जुन्या कागदांतली नाती वाचताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. परभणी जिल्ह्यातल्या तुमच्या गावचे तीन कागद तुमच्याकडे आहेत. पहिला १३३५ फसलीचा (फसली म्हणजे निजामाच्या राज्यातला महसुली सन) मोडी कागद. त्यात ‘अमकी कोम तमका’ अशा नावाची एक विधवा बाई आपली जमीन ‘भाचा’ म्हणून एका मुलाला वहितीला देते. दुसरा १३३८ फसलीचा, विरासतीचा, म्हणजे वारसाहक्काने जमीन नावावर झाल्याचा, उर्दू उतारा. त्यात त्याच मुलाच्या नावापुढे ‘मुतबन्ना’ असा शब्द आहे. तिसरं १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते लिहिलेला महसुली कागद, ज्यात तो सरळ त्या बाईच्या मयत नवऱ्याचा मुलगा म्हणून लागलेला आहे. त्या बाईचा नवरा तुमच्या पणजोबांचा सख्खा भाऊ. आणि तुमचे आजोबा या माणसाला जन्मभर ‘भाऊ’ म्हणत. तुम्ही विचारता, हा आमचा नक्की कोण? ‘कोम’ लिहिलंय म्हणजे ती बाई वेगळ्या जातीची होती का? आणि ‘मुतबन्ना’ हे त्याचं आधीचं आडनाव का?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत, ती आधी देतो. ‘मुतबन्ना’ आडनाव नाही. तो अरबीतून उर्दूत आलेला शब्द आहे, अर्थ दत्तक घेतलेला. पूर्ण लिहायचं तर ‘पिसर मुतबन्ना’, दत्तक पुत्र. म्हणजे १३३५ आणि १३३८ फसलीच्या मधे कधीतरी त्या बाईने भाच्याला दत्तक घेतलं आणि विरासत त्याच्या नावाने झाली. फसली सनात ५९० मिळवा म्हणजे इसवी सन मिळतो. फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्यामुळे ते दोन इसवी वर्षांत वाटलेलं असतं. तुमचे कागद साधारण १९२५-२६ आणि १९२८-२९ चे आहेत.

‘कोम’ची गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी, कारण या एका शब्दाने मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत घोळ घातलाय. मूळ शब्द अरबी, ‘कौम’, म्हणजे जमात. निजामाच्या उर्दू दप्तरात तो याच अर्थाने येतो. माणसाचं नाव, मग ‘वल्द’ म्हणजे बापाचं नाव, मग ‘कौम’ आणि पुढे जात, मग ‘साकिन’ म्हणजे राहणार कुठला. पण मराठी कागद लिहिणाऱ्यांनी हाच शब्द ‘बायको’ या अर्थाने रुळवला होता. बाईचं नाव, ‘कोम’, आणि पुढे नवऱ्याचं नाव. ‘जोजे’चाही अर्थ तोच. तेव्हा मोडी कागदात ‘कोम’पुढे माणसाचं नाव असेल तर तो नवरा, आणि उर्दू कागदात ‘कौम’पुढे जे येतं ती जात. तुमच्या मोडी कागदातली ‘कोम तमका’ म्हणजे तमक्याची बायको. त्यात जातीचा काही संबंध नाही.

यात एक अडचण राहते. आपल्या भागात एकच पटवारी मोडीतही लिहायचा आणि वर पाठवायचे तक्ते उर्दूतही भरून घ्यायचा. त्यामुळे मराठी कागदात ‘कौम’ जातीच्या अर्थाने शिरलेला मी पाहिलाय. म्हणून नुसता शब्द पाहून थांबू नका, त्याच्या पुढचा शब्द वाचा.

आता मुख्य प्रश्न, हा माणूस तुमचा कोण. इथे मी एका गोष्टीवर भर देतो, जी मला मोडी वाचायला लागून बरीच वर्षं झाल्यावर कळली. नात्याचा शब्द कागदात दिसला की आपण लगेच त्याचा अर्थ शोधतो. त्याआधी तो शब्द कोणाच्या तोंडचा आहे ते शोधायला हवं. नाव कोणीही घेतलं तरी तेच राहतं, नातं मात्र बोलणाऱ्यागणिक बदलतं. ‘भाचा’ हा तर त्याचा नमुनाच.

पुरुषाच्या तोंडी भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा. भावाचा मुलगा पुतण्या. इथवर सरळ आहे. बाईच्या तोंडी हे गणित बदलतं. तिच्या भावाचा मुलगा तिचा भाचा, कारण ती त्याची आत्या. तिच्या बहिणीचा मुलगाही भाचा, ती त्याची मावशी. आणि नवऱ्याच्या बहिणीचा मुलगा नवऱ्याचा भाचा, म्हणून तिचाही भाचा, ती त्याची मामी. तुमचा मोडी कागद त्या बाईने लिहून दिलेला आहे, ‘माझा भाचा’ हे तिचे शब्द आहेत. म्हणजे या तिघांपैकी कोणीही तो असू शकतो. यातून एक गोष्ट मात्र पक्की होते. तो तिच्या नवऱ्याच्या भावाचा मुलगा नव्हता. तसा असता तर ती ‘पुतण्या’ म्हणाली असती. थोडक्यात, तो जन्माने तुमच्या भावकीतला नाही, दत्तकाने भावकीत आला.

खासरा पत्रकातली नोंद या उत्तराच्या आड येत नाही. दत्तक गेल्यावर बापाचं नाव बदलतं, जन्मदात्याचं नाव पुढच्या कागदांतून पुसलं जातं. म्हणून १९५४-५५ च्या कागदावरून सुरुवात करणाऱ्याला तो सख्ख्या चुलत्याचा मुलगाच वाटणार. तुमचं नशीब की तुम्हाला आधीचे दोन कागद मिळाले. सातबाऱ्यापासून वंशावळ काढणारे बहुतेक लोक या टप्प्याच्या पलीकडे जात नाहीत.

आजोबा त्याला ‘भाऊ’ म्हणत, याचं काय? चुलत्याचा दत्तक मुलगा म्हणून तो त्यांचा चुलत भाऊ, हा एक खुलासा. पण तो जर त्या बाईच्या नणंदेचा, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या बहिणीचा मुलगा असेल, तर दत्तकाच्या आधीपासूनच तो आजोबांचा आतेभाऊ होता. तेव्हाही हाक ‘भाऊ’च. आपल्याकडे सख्खा, चुलत, आते, मामे, मावस, सगळे हाकेत भाऊच असतात, फरक फक्त कोणी विचारलं तर सांगायचा. त्यामुळे आजोबांच्या हाकेवरून निकाल लागत नाही.

आणखी एक शक्यता मनात ठेवा, साटंलोटं. त्या बाईचा भाऊ आणि तिच्या नवऱ्याची बहीण यांचंच लग्न झालेलं असेल, तर हा मुलगा एकाच वेळी तिच्या भावाचाही आणि नणंदेचाही होतो. जुन्या पिढ्यांत अशी लग्नं बरीच होत. मामाची मुलगी करण्याची रीत तर होतीच. म्हणून आपल्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणतात. सासू नेहमी खरोखरची आत्या असतेच असं नाही, हाक राहिली. पण जुन्या पत्रात ‘आत्याबाई’ दिसलं की दोन्ही शक्यता मांडाव्या लागतात. बिलोली, देगलूरच्या तेलुगू शेजारच्या पट्ट्यात तर काही समाजांत सख्ख्या मामाशी भाचीचं लग्न होई. तिथे एकच माणूस घराचा मामाही असतो आणि जावईही. तिथल्या वंशावळीत एका माणसापासून दोन रेघा निघाल्या तर ती चूक समजून एक रेघ खोडू नका.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. बीडकडच्या एका घराण्याच्या पाटीलकीच्या कागदात एका नावाआधी ‘वडील’ होतं. मी त्याचा अर्थ बाप लावला. त्यावर पुढच्या तीन पिढ्या बसवल्या. घरच्या लोकांनी ती वंशावळ सुंदर अक्षरात लिहून भिंतीला लावली. पुढे पैठणच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत तीच दोन नावं भाऊ म्हणून सापडली, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. जुन्या कागदात ‘वडील’ हे बहुतेकदा विशेषण असतं. ‘वडील भाऊ’, ‘वडील बायको’, ‘वडील घर’, म्हणजे थोरला, थोरली, थोरलं. पाटीलकीच्या भांडणात ‘वडीलपण’ म्हणजे थोरल्या शाखेचा हक्क, ज्यावर पोळ्याला पहिला बैल कोणाचा आणि होळीचा मान कोणाचा हे ठरे. माझ्या वाचण्याने त्या घराची एक पिढी फुकट वाढली होती. त्या लोकांना पुन्हा भेटून मी चूक कबूल केली. भिंतीवरची वंशावळ त्यांनी उतरवली ते मला अजून आठवतं.

तीर्थोपाध्यांच्या वह्यांचं नाव निघालं आहे तर त्या कशा वाचायच्या तेही सांगतो. पैठण, त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथे आपल्या भागातली माणसं जात आणि उपाध्याच्या वहीत नावं लिहवून येत. तिथली नोंद नेहमी लिहवणाऱ्याच्या जागेवरून असते. बाप हा, आजा हा, पणजा हा, चुलते हे, भाऊ हे, लेक हे. म्हणजे आधी लिहवणारा कोण ते पक्कं करा. तो बहुतेक सुरुवातीला किंवा शेवटी, ‘आला होता’ अशा शब्दांजवळ असतो. तो ठरला की बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसतात. तो चुकला तर सगळं एक पिढी वर किंवा खाली सरकतं. यात मोडीची आणखी एक खोड आहे. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नव्हती, डोक्यावरच्या रेघेखाली सगळं सलग. ‘चुलते भाऊ’ असं असेल तर ते चुलते आणि भाऊ असे दोन गट, की चुलतभाऊ असा एक? पुढे किती नावं आहेत आणि ती इतर नोंदींत कुठे येतात हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

‘लेक’ही सांभाळून वाचा. आज लेक म्हटलं की मुलगी. जुन्या मराठीत लेक म्हणजे मुलगाही, आणि आपल्या खेड्यांत म्हाताऱ्या बायका अजून ‘ल्योक’ म्हणतात ते मुलालाच. वहीत ‘लेक’पुढे पुरुषांची नावं आली तर गोंधळू नका.

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत वंशावळ काढणाऱ्याला फार छळते. मारुतीचा खंडू, खंडूचा मारुती, त्याचा पुन्हा खंडू. ‘मारुती बिन खंडू’ अशा दोन नोंदींमध्ये पन्नास वर्षांचं अंतर असेल तर तो एकच माणूस धरू नका, बहुतेक ते आजा आणि नातू असतात. ‘बिन’ आणि ‘वल्द’ दोन्हींचा अर्थ अमक्याचा मुलगा. काही लोक ‘वल्द’ दिसला की घर मुसलमान होतं असं समजतात. तसं अजिबात नाही. निजामाच्या दप्तरात सगळ्या जातीधर्मांच्या माणसांपुढे वल्द आहे.

उर्दू उताऱ्यांत तुम्हाला पुढे लागतील असे शब्द इथेच देऊन ठेवतो. पिसर मुलगा, पिदर बाप. घाईच्या उर्दू अक्षरात हे दोन एकमेकांसारखे दिसतात, म्हणून वाचणाऱ्याला दोनदा विचारा. दुख्तर मुलगी, बिरादर भाऊ, हमशीरा बहीण, जौजा बायको, बेवा विधवा, नाबालिग वयात न आलेला, वली पालक. फौत म्हणजे मेलेला; आपण तलाठ्याकडे अजून ‘फौतीचा फेर’ म्हणतो तो यातलाच शब्द. ‘शिकमीदार’ हे मात्र नातं नाही. शिकम म्हणजे पोट. जमीन दप्तरात ज्याच्या नावावर तो पट्टेदार, आणि त्याच्या जमिनीत ज्याचा हक्काचा वाटा असे तो शिकमीदार. १३१७ फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्यातला हा शब्द आहे. शिकमीदार पुष्कळदा पट्टेदाराचा भाऊच असतो, पण नुसत्या या शब्दावरून भाऊ ठरवू नये.

याहून जुन्या, शिवकाळ-पेशवाईतल्या महजरांकडे, म्हणजे सभेने दिलेल्या निवाड्याच्या कागदांकडे, गेलात तर ‘समस्त गोत’ असं दिसेल. त्याचा अर्थ सगळे नातेवाईक असा घेऊ नका. तिथे गोत म्हणजे गावची आणि परगण्याची न्यायाला बसलेली सभा. त्यात पाटील-कुलकर्ण्यांबरोबर सुतार, लोहार, महार, न्हावी अशा बलुतेदारांच्याही सह्या आणि निशाण्या असत. वतनाचा वाटा विकत घेणाऱ्याला ‘भाऊपणा’ दिल्याचे कागदही मिळतात. अशा कागदातला भाऊ रक्ताचा नसतो, वतनातला वाटेकरी असतो. याच काळच्या कागदात ‘कुणबीण’ शब्द पाहून पुष्कळ जण हरखतात, विशेषतः २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर. पेशवाईच्या कागदात कुणबीण म्हणजे बहुतेक ठिकाणी गुलाम बाई, जिची खरेदी-विक्री होई. त्या बाईची जात तो शब्द सांगत नाही. अशी नोंद सापडली तर तिच्यावर दाव्याची इमारत उभी करू नका. जिची किंमत रुपयांत लिहिलेली आहे अशी एक बाई त्या कागदात आहे, हे आधी लक्षात घ्या.

‘पाट’ आणि ‘मोहतूर’ याबद्दलही लोक कचरतात. विधवेचं किंवा सोडलेल्या बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट, त्यालाच मोहतूर म्हणत, आणि आपल्याकडच्या बहुतेक कष्टकरी जातींत तो रीतसर होता. कागदात ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ असा फरक असेल तर तो जसाच्या तसा उतरवा. लाज वाटून गाळलात तर पुढच्याला सावत्र भावंडांचा उलगडा कधीच होणार नाही. घरातल्या म्हाताऱ्यांनी ‘ती आमची मावशी’ असं सांगितलं तर हळूच विचारा, आईची बहीण की बापाची दुसरी बायको? सावत्र आईला मावशी म्हणायची पद्धत घरोघरी होती, आणि बायको वारल्यावर मेहुणीशीच लग्न लावून दिलं जाई तेव्हा ती दोन्ही असे.

म्हाताऱ्यांशी बोलताना हाकेवर विसंबू नका. एकत्र कुटुंबात पोरं बापाला तीच हाक मारत जी त्याची धाकटी भावंडं मारत. म्हणून बापाला दादा, अण्णा, भाऊ म्हणणारे आणि आईला बाई किंवा वैनी म्हणणारे लोक तुम्हाला गावोगाव भेटतील. ‘मोठी माय’ म्हणजे थोरली चुलती, कुठे बापाची पहिली बायको, कुठे आजी. मी तर म्हाताऱ्यांना नातं विचारतच नाही. विचारतो, त्याचा बाप कोण, माय कुठल्या गावची, ती कोणाच्या घरची. या तीन उत्तरांतून नातं आपलं आपण निघतं.

‘सगेसोयरे’ हा शब्द जानेवारी २०२४ च्या सरकारी मसुद्यापासून सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून तुम्ही तोही विचारलात. कायद्यात त्याची व्याख्या काय व्हावी हा माझा विषय नाही. बोलीत सगे म्हणजे रक्ताचे आणि सोयरे म्हणजे लेकी दिल्या-घेतल्याने जोडलेले. भावकीत सोयरीक होत नाही, म्हणून भाऊबंद आणि सोयरा ही दोन वेगळी माणसं. आपल्याकडे ‘पाव्हणे’ म्हणतात तेही बहुतेकदा सोयऱ्यांनाच. तुमच्या मोडी कागदात साक्षीदारांपैकी कोणापुढे ‘सोयरा’ लिहिलेलं असेल तर तो धागा सोडू नका.

आता पुढे काय करायचं. पहिलं काम त्या विरासतीची पूर्ण मिसल, म्हणजे प्रकरणाची सगळी फाईल, मागणं. तुमच्याकडे नुसता उतारा आहे. दत्तकाला भावकीने हरकत घेतली असेल, आणि जमिनीच्या मामल्यात ती बहुतेक घेतली जाई, तर जबाब असतील, आणि जबाबात जन्मदात्या बापाचं नाव आणि त्याचा साकिन येणारच. मागताना आजचा जिल्हा सांगून भागणार नाही, तेव्हाचा तालुका आणि जिल्हा सांगा. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून निघाला. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा. आणि मुलगा मूळचा उदगीर, निलंगा, अहमदपूरकडचा निघाला तर १९५६ पर्यंत ते तालुके बीदर जिल्ह्यात होते हे विसरू नका.

दुसरं, त्या बाईचं माहेर. तुम्ही पाठवलेल्या मोडी कागदाच्या फोटोत शेवटच्या चार ओळी घडीत गेल्या आहेत. साक्षी तिथेच असतात. कागद ओला न करता, इस्त्री न फिरवता, नुसता दोन जाड पुस्तकांत रात्रभर ठेवा आणि सकाळच्या उजेडात तिरपा धरून पुन्हा फोटो काढा. साक्षीदारांत दुसऱ्या गावचा कोणी असेल आणि ते गाव त्या बाईचं माहेर निघालं, तर मुलगा तिच्या भावाचा किंवा तिकडचाच असण्याकडे माप झुकतं. ते गाव तुमच्या पणजोबांच्या बहिणीचं सासर निघालं, तर तो तुमच्या आजोबांचा आतेभाऊ. आणि दोन्ही गावं एकच निघाली, तर साटंलोटं होतं असं धरून चालू आणि पैठणच्या वहीत दोन्ही आडनावांखाली शोधू. फोटो आला की मला पाठवा, त्या चार ओळी मी वाचून देतो.